एका चालत्या कॉफी शॉपची फ्रँचायझी द्यावी का?

प्रश्न असा आहे: कर्वेनगरात साडेतीनशे चौरस फुटांचं कॉफी शॉप, अडीच वर्षं झाली, रोज नव्वद-शंभर बिलं होतात. वाकडची एक आणि नाशिकची एक अशा दोन पार्ट्या फ्रँचायझी मागताहेत. पाच लाख फी घेऊन द्यावी का, आणि द्यायची तर तयारी काय लागेल?

नाशिकला आत्ता सरळ नाही सांगा. वाकडला सहा-आठ महिने थांबायला सांगा. तेवढ्या काळात दुसरं दुकान स्वतःच्या पैशाने काढा, पण त्याच्या काउंटरमागे स्वतः उभे राहू नका.

सध्याचं दुकान तुमच्या नजरेवर चालतं. ग्राइंडर बिघडलेला तुम्हाला वासावरून कळतो, दूध जास्त तापलं की वाफेचा आवाज बदललेला ऐकू येतो, कोणता पोरगा गल्ल्यावर बसवायचा नाही हे ठाऊक असतं. यातलं काहीच कुणाला विकता येत नाही. विकता येतं ते वजन, वेळ, तापमान आणि बिल. दुसरं दुकान काढायचं ते तुमची नजर या चार गोष्टींत उतरते का हे पाहायला. सहा महिन्यांनी दोन्हीकडची कॉफी सारखी लागली आणि दोन्हीकडचा माल-हिशेब जुळला, तर वाकडच्या पार्टीला बोलवा.

मापं इथून सुरू करा. डबल शॉटला, म्हणजे मशीनमधून एकदा काढलेल्या दुहेरी एस्प्रेसोला, १८ ग्रॅम पूड, कपात ३६ ग्रॅम कॉफी, वेळ २५ ते ३० सेकंद, दाब ९ बार, पाणी ९२-९३ अंश. कप मिलिलिटरने मोजू नका. ताज्या बीन्सचा फेस जास्त येतो आणि डोळा फसतो. कपाखाली दशांश ग्रॅम दाखवणारा काटा ठेवा. रोज सकाळी पहिला पास झालेला शॉट वहीत उतरला पाहिजे: ग्रॅम आत, ग्रॅम बाहेर, सेकंद. जूनमध्ये पाऊस लागला की हवेतल्या ओलाव्याने त्याच सेटिंगवर वेळ सरकते. तेव्हा मुलं दळण बदलण्याऐवजी पूड कमी करतात, कारण ते सोपं असतं. वहीत १८ चे १६ झालेले दिसले की समजायचं.

आता फ्रँचायझीतला सगळ्यात उपयोगी हिशेब. १ किलो बीन्समध्ये १८ ग्रॅमचे ५५ डोस बसतात. सकाळची जुळवाजुळव, सांडलवंड, बिघडलेले शॉट वजा जाता ५० ते ५२ विकले जावेत. महिनाअखेरीला शाखेने तुमच्याकडून उचललेले बीन्स, सुरुवातीचा आणि शेवटचा साठा आणि बिलिंग मशीनवरचे शॉट ताडून पाहा. किलोमागे ६० शॉट विकलेले दिसले तर बाहेरचे बीन्स येताहेत किंवा डोसात पूड कमी घातली जातेय, तिसरी शक्यता नाही. ४० दिसले तर एकतर नासाडी आहे, नाहीतर बिल न फाडता कॉफी विकली जातेय, म्हणजे तुमची रॉयल्टी, विक्रीतला ठरलेला हिस्सा, बुडतेय. दुधालाही हेच. १८० मिलिच्या कॅपुचिनोला साधारण १३० मिलि दूध लागतं, म्हणून लिटरमागे कागदावर साडेसात कप आणि प्रत्यक्षात सहा-साडेसहा. पाचच निघत असतील तर पोरं पिचर, म्हणजे दूध तापवायचं भांडं, गळ्यापर्यंत भरून उरलेलं ओतून देताहेत. लहान कपाला लहान पिचर दिला की हा प्रकार निम्म्याने कमी होतो.

दुधाचा ब्रँड आणि फॅट सगळ्या शाखांना एकच ठेवा. पिशवीवर टोण्ड असेल तर फॅट ३ टक्के, स्टँडर्डाइज्ड ४.५, फुल क्रीम ६. फॅट बदललं की फेसाची जात आणि चव दोन्ही बदलतात. गरम कॉफीला स्टँडर्डाइज्ड चांगलं चालतं. फुल क्रीमने चव जड होते आणि कॉफी मागे पडते. ४ अंशाला ठेवलेलं दूध ६० ते ६५ अंशांवर थांबवायचं. ७० च्या वर गेलं की गोडवा जातो, फेस कोरडा होतो. ‘कडक गरम पाहिजे’ म्हणणारे काका पुण्यात भेटणारच. त्यांना कप आधी गरम पाण्याने तापवून द्यावा, दूध उकळू नये.

पुण्यात खरा गल्ला कोल्ड कॉफीचा असतो, हे कॉफीवाल्यांना कितीही लागो. घसरते तीच सगळ्यात जास्त, कारण तिच्यात बर्फ ‘मूठभर’ आणि आइसक्रीम ‘एक चमचा’ असतं. बर्फ १२० ग्रॅम, आइसक्रीमचा स्कूप ठरावीक नंबरचा, साखरेचा पाक वजनाने एकास एक, मिक्सर किती सेकंद, सगळं कार्डावर लिहा. कार्ड लॅमिनेट करून मिक्सरच्या वर, उभं राहिलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर चिकटवा. फाइलमधलं कार्ड कुणी वाचत नाही.

बीन्स भाजल्यावर ७ ते १० दिवस विसावू द्या आणि महिन्याच्या आसपास संपवा. पाकिटावर भाजल्याची तारीख असलीच पाहिजे. शाखेला आठवड्याची ऑर्डर द्यायला लावा. महिन्याचा साठा एकदम दिला की तो गरम स्टोअररूममध्ये पडतो, आणि शेवटच्या आठवड्यात आलेलं गिऱ्हाईक शिळी कॉफी पिऊन तुमच्या नावाने बोटं मोडतं. फ्रीजमध्ये ठेवायचा मोहही नको. उघडलेल्या पाकिटात ओल धरते, वर शेजारच्या चीज-कांद्याचा वास लागतो.

पाण्याबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण कर्वेनगर ते वाकड या अंतरात पाणीच बदलतं. तुमच्याकडे खडकवासला साखळीचं पाणी येतं, ते तुलनेने मऊ असतं. वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत, पाणी पवनेचं. तिथे २०१९ पासून दिवसाआड पुरवठा सुरू झाला आणि बऱ्याच इमारतींची उरलेली गरज टँकर व बोअर भागवतात. बोअरचं पाणी कठीण असतं. मशीनच्या बॉयलरमध्ये क्षार बसतात, विजेवर उघडबंद होणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह अडकतो, दोन ग्रुपपैकी, म्हणजे कॉफी उतरते त्या दोन तोंडांपैकी, एकाची धार बारीक होते. त्यावर लोक घाईने घरगुती आरओ लावतात आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) १५-२० वर आणून ठेवतात. मग दुसरीच भानगड. बॉयलरमधली पातळी सांगणारी सळई पाण्यातून वाहणाऱ्या विजेवर चालते. पाणी फारच शुद्ध असलं की तिला पाणी आहे हेच कळत नाही, बॉयलर काठोकाठ भरतो आणि वाफेच्या नळीतून पाणी थुंकायला लागतं. शिवाय कॉफी फिकी लागते. आरओला मिश्रणाचा व्हॉल्व्ह घ्या आणि टीडीएस १०० ते १५० च्या दरम्यान ठेवा. टीडीएस मीटर कठीणपणा सांगत नाही, त्यासाठी थेंब टाकून रंग बदलणारं साधं किट मिळतं, ते महिन्यातून एकदा वापरा. जागा पक्की करण्याआधी बाटलीत पाणी भरून आणा आणि तपासा. टँकर असेल तर दोन वेगवेगळ्या दिवशी आणा.

साठवणीची टाकी निदान ५०० लिटरची हवी. पुणे महापालिकेच्या हद्दीत दुरुस्तीसाठी पाणी बहुतेक वेळा गुरुवारी बंद असतं, आणि महावितरणचीही देखभालीची कामं बरीचशी गुरुवारीच निघतात. दोन ग्रुपचं मशीन साडेतीन ते साडेचार किलोवॅट खातं, त्यावर एसी, ओव्हन, फ्रीज, ग्राइंडर. म्हणून थ्री-फेज जोडणी आणि मंजूर भार करार करण्याआधी बघा. जुन्या इमारतीत भार वाढवून मिळायला आठवडे जातात आणि भाडं त्या दिवसापासूनच चालू होतं. घरगुती इन्व्हर्टरवर हे मशीन चालत नाही. लाइट गेली की परत तापायला पंचवीस-तीस मिनिटं धरा. अशा वेळी विकायला कोल्ड ब्रू, म्हणजे थंड पाण्यात मुरवलेली कॉफी, फ्रीजमध्ये तयार असावी.

काउंटर प्लायवूडचा आणि पोकळ करू नका. मशीन ५० ते ७० किलोचं असतं, ग्राइंडर वेगळा. मशीनची सांडपाण्याची नळी उताराने जमिनीतल्या जाळीपर्यंत गेली पाहिजे. इंटिरिअरवाले ती आडवी टाकतात, कॉफीचा गाळ साचतो आणि तीन महिन्यांत काउंटरखाली घाण वास सुटतो. बाकी सजावटीबद्दल माझं मत एवढंच, की भिंतीवरच्या निऑन पाटीत घालायचे तीस हजार चांगल्या ग्राइंडरमध्ये घाला.

आता जागा आणि आकडे. शाखेचा महिना मांडून पाहू, उदाहरण म्हणून. रोज ९० बिलं, सरासरी बिल १७० रुपये जीएसटी सोडून, ३० दिवस: ४,५९,००० रुपये. कच्चा माल आणि पॅकिंग ३१ टक्के म्हणजे १,४२,२९०. भाडं ७५,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ८८,५००. पाच माणसांचा पगार ९५,०००. वीज २५,०००. दुरुस्ती, इंटरनेट, बिलिंग, कार्डाचं कमिशन, पेस्ट कंट्रोल मिळून २०,०००. रॉयल्टी ६ टक्के आणि तिच्यावरचा जीएसटी धरून ३२,५००. हातात साधारण ५५,७०० उरतात. दुकान उभारायला २२ लाख लागले असतील तर घसारा न धरताही पैसे सुटायला चाळीस महिने.

हेच ७५ बिलांवर केलं तर उरतात सव्वाआठ हजार. ६० बिलांवर महिन्याला ३९,००० चा खड्डा. दिवसाला पंधरा बिलं, म्हणजे तासाला एक-दीड गिऱ्हाईक, एवढ्यावर सगळा खेळ आहे. फ्रँचायझी घेणाऱ्याला हे तिन्ही आकडे कागदावर दाखवा. फक्त ९० चा दाखवलात तर सातव्या महिन्यात तो तुमच्या दारात येऊन उभा राहील, आणि त्याचं चुकणार नाही.

या हिशेबात भाड्यावर आणि रॉयल्टीवर जीएसटी खर्च म्हणून धरला आहे, तो विसरून नाही. आपल्यासारखी दुकानं ५ टक्के जीएसटी लावतात आणि त्यांना इनपुट क्रेडिट मिळत नाही. मशीन, फर्निचर, भाडं, रॉयल्टी यांवर भरलेला कर परत येत नाही. तुमची पाच लाख फी फ्रँचायझी घेणाऱ्याला पाच लाख नव्वद हजारांना पडते. दुसरीकडे, तो तुम्हाला रॉयल्टी देताना १० टक्के टीडीएस (हा पाण्याचा नाही, आधीच कापला जाणारा प्राप्तिकर) कापेल, तेव्हा तुमच्या हातात येणारा पैसाही वहीतल्यापेक्षा कमी असेल.

तीस दिवसांचं गणित प्रत्येक भागात लागू पडत नाही. हिंजवडीत शनिवार-रविवार सुनसान, तिथे महिना २२ दिवसांचाच धरा. फर्ग्युसन रस्ता किंवा कॉलेजांच्या आसपास मे महिना आणि दिवाळीची सुट्टी कोरडी जाते. पेठांत दुपार मंदावते आणि गणपतीत रस्ते बंद झाले की दूधसुद्धा पहाटे आणून ठेवावं लागतं. वाकडच्या जागेसमोर एक मंगळवार आणि एक रविवार, सकाळी ८ ते रात्री १० माणूस बसवा. येणारे-जाणारे मोजू नका, हातात खायचं-प्यायचं घेऊन जाणारे मोजा.

आणि दुकानासमोरच्या मोकळ्या जागेतली टेबलं हिशेबात धरूच नका. जागामालक ‘पुढची जागा वापरा की’ म्हणतो आणि भाडं त्याप्रमाणे लावतो. फ्रंट आणि साइड मार्जिनवर, म्हणजे इमारतीच्या पुढच्या-बाजूच्या मोकळ्या सोडायच्या जागेवर, महापालिकेचं अतिक्रमण पथक आलं की शेड आणि टेबलं ट्रकमध्ये जातात, भाडं मात्र तेवढंच राहतं.

आता तुमच्या बाजूचं गणित, जे बहुतेक जण मांडतच नाहीत. शाखा वाढल्या की एक फिरता सुपरवायझर, एक प्रशिक्षक, थोडं अकाउंट्स, गाडी-पेट्रोल, सॉफ्टवेअर असा खर्च येतो. काटकसरीने केलं तरी महिन्याला सव्वा ते दीड लाख. वरच्या उदाहरणात एका शाखेची रॉयल्टी २७,५००. म्हणजे पाचवी-सहावी शाखा नीट चालू लागेपर्यंत तुमचं ऑफिस तोट्यात. दुसऱ्या आणि सहाव्या शाखेमधली ही दरी भरायला लोक नवीन शाखांच्या फीवर जगू लागतात आणि मग फीसाठी मिळेल त्याला, मिळेल तिथे फ्रँचायझी देतात. अनेक साखळ्या गळाठतात त्या इथे. दरीचे बारा ते पंधरा लाख आधी वेगळे काढा. फी त्या-त्या शाखेच्या प्रशिक्षणात आणि उद्घाटनात संपली पाहिजे. संपते कशी, तर एका शिकाऊ मुलामागे आठ-नऊ किलो बीन्स शॉट काढण्यात जातात. रोज ४० शॉट, बारा दिवस, हे किमान. दुधाचा फेस शिकताना पहिले दोन दिवस पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून सराव करून घ्या, फेस अगदी दुधासारखा वागतो आणि दूध वाचतं. उद्घाटनाला तुमची तीन माणसं दहा-बारा दिवस तिथेच हवीत. चार शाखांमागे एक जास्तीचा तयार बरिस्ता, म्हणजे कॉफी बनवणारा, पगारावर ठेवा. मुलं सोडून जातात, आणि बऱ्याचदा शुक्रवारी.

म्हणूनच नाशिक नको. दोनशेहून जास्त किलोमीटर, एका भेटीत अख्खा दिवस. पहिल्या पाच शाखा दुचाकीवर पाऊण तासात पोचता येईल अशाच घ्या. मशीन बंद पडलं तर तुमचा सुटा ग्राइंडर त्याच दुपारी तिथे पोचवता आला पाहिजे.

माल काय पुरवायचा याचा मोह आवरा. बीन्स, सिरप, चॉकलेट, लोगोचे कप तुमच्याकडून. दूध, साखर, टिश्यू, भाजी त्याने त्याच्या भागात घ्यावी, दर्जा लिहून दिलेला. मालावर आठ-दहा टक्क्यांहून जास्त नफा ठेवलात तर बोहरी आळीतल्या घाऊक बाजाराचा भाव त्याला आठवड्यात कळतो, मग साधे कप येतात, त्यामागून साधे बीन्स.

करार वकिलाकडूनच करा, पण वकिलाला काय सांगायचं ते तुम्हाला माहीत हवं. भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. सगळं १८७२ चा करार कायदा आणि १९९९ चा ट्रेडमार्क कायदा यांवर चालतं. नाव-लोगोचा अर्ज वर्ग ४३ मध्ये उपाहारगृह सेवेसाठी आणि वर्ग ३० मध्ये कॉफीसाठी, पहिला पैसा घेण्याआधी. ‘करार संपल्यावर तीन वर्षं कॉफीचा धंदा करायचा नाही’ असं कलम सगळे टाकतात. करार कायद्याच्या कलम २७ मुळे करार संपल्यानंतरची अशी बंदी न्यायालयात टिकत नाही. त्यापेक्षा जे टिकतं ते घट्ट बांधा: नाव, पाटी, रेसिपी कार्डं, कप परत, आणि मुख्य म्हणजे दुकानाचा फोन नंबर, गुगलवरची नोंद, इन्स्टाग्राम आणि बिलिंगचं खातं पहिल्या दिवसापासून तुमच्या नावावर.

जागेचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवावाच लागतो, तो बहुधा ६० महिन्यांचा असतो. फ्रँचायझीची मुदत त्याच तारखेला संपेल अशी ठेवा. त्याने जागा सोडली तर ती तुम्हाला घेता यावी असं एक वाक्य जागामालकाच्याही सहीने असावं. एफएसएसएआयचा परवाना प्रत्येक पत्त्याला वेगळा, आणि दुकान जो चालवतो त्याच्या नावावर. तुमचा परवाना त्याच्या भिंतीवर लावू नका.

हद्द ठरवताना ‘दोन किलोमीटरमध्ये दुसरी शाखा नाही’ एवढं पुरत नाही. डिलिव्हरी ॲप पाच-सात किलोमीटरपर्यंत ऑर्डर घेतं, म्हणजे बाणेरची शाखा वाकडची गिऱ्हाइकं घेणारच. ऑर्डर कोणत्या शाखेला जाईल आणि ॲपवरच्या सवलतीचा भार कोण उचलेल, हे लिहा. रॉयल्टी ॲपचं कमिशन वजा करून की न करता, हेही. जुन्या भागीदारांची भांडणं याच ओळीवर होतात. आणि ‘दरमहा इतके हजार नक्की’ अशी हमी तोंडीसुद्धा देऊ नका. तशी हमी मागणाऱ्याला बँकेची ठेव हवी असते, दुकान नको असतं.

माणूस निवडताना एकच कसोटी कडक ठेवा: दिवसातले सहा तास तो स्वतः किंवा घरचं कुणी तिथे असणार का? नोकरी सांभाळून ‘पॅसिव्ह इन्कम’ म्हणून घेणाऱ्याच्या दुकानात तिसऱ्या महिन्यात वाफेची नळी दुधाने पांढरी झालेली असते. प्रत्येक वापरानंतर ती पुसून वाफ सोडायची असते, आणि रात्री पावडर टाकून मशीनचे ग्रुप उलटे धुवायचे असतात. पहारा नसेल तर आधी या दोन गोष्टी सुटतात. सुपरवायझरने शाखेत शिरल्यावर पहिल्यांदा नळी, मग फ्रीजचा थर्मामीटर, मग सकाळची वही बघावी. चव त्यानंतर.

शाखा बंद पडण्याची सोयही आधीच लिहून ठेवा. सलग तीन महिने रोजची बिलं ६५ च्या खाली राहिली तर दोघांनी बसायचं, भाडं कमी करून बघायचं, वेळा बदलायच्या. सहा महिने तसंच राहिलं तर बंद. मशीन आणि ग्राइंडर तुम्ही परत घ्यायचे, पहिल्या वर्षात किमतीच्या सत्तर टक्क्यांना, दुसऱ्यात पंचावन्न, तिसऱ्यात चाळीस, सर्व्हिसच्या नोंदी पूर्ण असतील तर. हे आकडे करारातच असू द्या. घेतलेलं मशीन पुढच्या शाखेत वापरता येतं.